डेव्हेंटरच्या सुक्या मासळीवरून

वयनी, तुझी जागा इतके दिवस रिकामी राहिली त्याला कारण तूच. माणसं जाताना भांडणं मिटवून जातात. तू अर्धं टाकून गेलीस. आणि भांडण तरी कुठलं, तर जे परळच्या बाजारात केलं नाही, शिवडीच्या घरात केलं नाही, ते पार हॉलंडात जाऊन, नदीकाठच्या बाकड्यावर बसून केलं. लोक ऐकतील तर हसतील. दोन जावा, सगळा जन्म सुकी मासळी विकली, म्हातारपणी पहिल्यांदा विमानात बसल्या, आणि तिथे जाऊन केलं काय, तर बाजारातल्या बसायच्या जागेवरून तोंडाला तोंड दिलं.

तुझी दीपा फोनवर म्हणाली, "काकू, आईवर काहीतरी लिही ना. तुझं अक्षर चांगलं आहे." मी म्हटलं, काय लिहू? कोळीवाड्याच्या नाक्यावर तुझा फोटो लावलाय, त्याखाली 'मनमिळाऊ आणि शांत स्वभावाच्या' असं छापलंय. ते वाचलं आणि भर गर्दीत मला हसू फुटलं. शांत? तू? बाजाराच्या या टोकाला बसून त्या टोकाच्या कोंबडीवाल्याशी गप्पा मारायचीस, जागेवरून न उठता. तेव्हाच ठरवलं, तुझ्याबद्दल लोकांना काही सांगायचं नाही. जे सांगायचं ते तुलाच सांगायचं, आणि उरलेलं भांडणही तुझ्याशीच पुरं करायचं.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुला 'अहो वयनी' म्हणायचे. सासूबाईंनी हळद उतरायच्या आत मला बाजारात तुझ्या शेजारी नेऊन बसवलं. तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, "गो, इथे बसून मला अहो-जाहो करशील तर गिऱ्हाईकं समजतील मी मालकीण आणि तू नोकर. तू म्हण मला." तेव्हापासून तू ती तू. कुठला बोंबील आतपर्यंत वाळलाय आणि कुठला वरवर, हे बोटाने मोडून बघायला तूच शिकवलंस. भाव ऐकून गिऱ्हाईक निघालं की त्याला कुठवर जाऊ द्यायचं आणि कधी हाक मारायची, तेही तूच. लवकर मारली तर भाव पडतो, उशिरा मारली तर गिऱ्हाईक शेजारणीचं होतं. माझी हाक कायम लवकर जायची. मला गिऱ्हाइकाची पाठ बघवतच नाही, काय करू.

दीपा इंजिनियर झाली आणि नद्यांचं काम करायला म्हणून तिकडे गेली. तू सगळ्यांना सांगत सुटलीस, "माझी लेक हॉलंडात पाणी सांभाळते." तिचं बोलावणं दरवर्षी यायचं आणि तू दरवर्षी टाळायचीस. शेवटी तिने दोन तिकिटं काढली, एक तुझं, एक माझं, कारण मला सोडून तू जाणार नाहीस हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला जायचं होतंच. मी लगेच बॅग भरली. तू मात्र निघायच्या सकाळपर्यंत कुरकुरत होतीस. दीपाने बजावलेलं की सामानात मासळी आणायची नाही, विमानतळावर पकडतात. तू ऐकलंस खरं, पण विमान उडालं तरी तोंड वाकडंच. "सुक्या मासळीवाल्या आपण, आणि लेकीच्या घरी हात हलवत चाललोय. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "कोण लोक? तिथे आपल्याला कुत्रंसुद्धा ओळखत नाही."

डेव्हेंटर. आयसेल नावाच्या नदीच्या काठी वसलेलं जुनं गाव. विटांची उंच, अरुंद घरं, दगड बसवलेल्या गल्ल्या, चर्चचा जाडजूड मनोरा, आणि घरांच्या खिडक्या इतक्या स्वच्छ की आतलं जेवण दिसतं. पहिल्याच दिवशी दीपा आपल्याला धक्क्यावर घेऊन गेली. म्हणाली, "आई, हे पूर्वीचं मोठं बंदर. लांबलांबची जहाजं इथे लागायची." तू नऊवारीवर दीपाचं जाड जाकीट आणि डोक्यात लोकरीची टोपी घालून उभी राहिलीस, आणि नाक वर करून हुंगलंस.

"वास कुठाय?"

"कसला वास?"

"बंदर होतं म्हणालीस ना? बरं, भरती कधी येते?"

"भरती येत नाही इथे. समुद्र लांब आहे. हे सगळं नदीवरून चालायचं."

तू माझ्याकडे बघितलंस. भरती नाही, खारा वारा नाही, चिखल नाही, वास नाही, आणि म्हणे बंदर. शिवडीच्या बाईला हे कसं पटावं? तेवढ्यात समोरून ती लांबलचक बोट आली. पोटात वाळू भरलेली, मागच्या बाजूला खोल्या, खिडक्यांना पडदे, पडद्यामागे फुलांच्या कुंड्या, आणि छपरावर चक्क एक मोटार. एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. तू एकदम खूश. "बघ बघ, बाई घरासकट धंद्याला निघालीय." तू हात हलवलास. तिने चिमटे दातात धरून दोन्ही हात हलवले. त्या गावाशी तुझं जमलं ते तिथून.

मग शनिवारचा बाजार. गावच्या मधल्या चौकात भरतो. चीज, फुलं, पाव, आणि एका बाजूला मासेवाल्याची गाडी. पांढरा एप्रन घातलेला धिप्पाड माणूस. लोक कच्चा हेरिंग कांद्यात बुडवून, शेपटीला धरून, मान वर करून तोंडात सोडत होते. मी तोंड फिरवलं. तू मान डोलावलीस. "पक्के मासेखाऊ आहेत. चांगले लोक." तुझी नजर होती धुरावर भाजलेल्या बांगड्यासारख्या माशावर. दीपाला म्हणालीस, भाव विचार. त्याने सांगितला. तू अर्धा सांगितलास. दीपा नको नको म्हणत होती, पण तू डोळे वटारलेस तेव्हा तिने लाजत लाजत सांगितलं. तो मोठ्याने हसला आणि परत तोच भाव म्हणाला.

झालं. तू पदर सारखा केलास आणि निघालीस. मला ओळखीची होती ती चाल. घाईची नाही, रेंगाळणारीही नाही. चीजवाला गेला, फुलवाली गेली, चौकातली ती मोठी जुनी इमारत आली, तिच्या पायऱ्यांशी तू थांबलीस. मागे वळून बघितलंस तर तो माणूस पुढच्या गिऱ्हाइकाला मासा बांधून देत होता.

"बोलावत नाहीये," तू म्हणालीस.

"बोलावणारच नाही, आई. इथे भाव ठरलेला असतो."

"मग गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांशी बोलतात तरी काय?"

मी पोट धरून हसत होते. तू खरोखर दुखावलीस, वयनी, मला कळत होतं. पैशाचं काही नव्हतं. इतकी वर्षं तू लोकांना हाका मारल्यास, आणि तुला हाक मारायची वेळ आली तेव्हा समोरच्याला तो खेळच माहीत नव्हता.

तुझं मन दुसरीकडे वळवायचं म्हणून दीपा त्या इमारतीबद्दल सांगायला लागली. म्हणाली, हे वजनघर. गावात येणारा सगळा माल आधी इथे तराजूवर चढायचा, मगच विकला जायचा. तू लगेच ताठ. "आणि तराजू कोण तपासायचं?" ते दीपाला ठाऊक नव्हतं. मग तिने मुख्य गोष्ट सांगितली. या गावचा मोठा व्यापार कशाचा होता, तर सुक्या माशाचा. वर नॉर्वेत थंड वाऱ्यावर काठ्यांना टांगून वाळवलेला मासा, मीठसुद्धा न लावलेला, जहाजांनी इकडे यायचा आणि इथून पुढे गावोगाव जायचा. आजूबाजूचे लोक अजून या गावच्यांना सुका मासा म्हणून चिडवतात.

तू खाली पायरीवर बसलीस. "काठ्यांना टांगून?"

"हो."

"आपल्या बोंबलासारखा?"

"तसाच, आई."

"आणि ही चर्चं, ही घरं, सगळं सुक्या माशावर?"

"सगळं नाही. पण बरंच."

तू माझा हात धरलास आणि त्या चौकाकडे अशी बघत बसलीस, जसं कुणी आपल्या माहेरचं घर बघतं. नंतर हट्टच धरलास की तो मासा मला बघायचाय. गावातल्या दुकानांत कुठे मिळेना. शेवटी दीपाला एका आफ्रिकन बाईचं दुकान सापडलं. आतमध्ये भिंतीशी उभे केलेले नॉर्वेचे सुके मासे, हातभर लांब. त्यांच्याकडे ते आवडीने खातात म्हणे. तू एक उचललास, हुंगलास, गल्ल्यावर टक टक वाजवलास. ती जाडजूड बाई तुझ्याकडे बघायला लागली. तिने दुसरा उचलून तुझ्या हातात दिला, हा बघ, हा जास्त चांगला. दोघींची भाषा एक नाही, पण मला वाटलं मी परळलाच उभी आहे. तिने भाव सांगितला, तू बोटांनी अर्धा दाखवलास, तिने छातीवर हात ठेवून मेले मेले केलं. तू पदर सारखा केलास आणि दाराकडे निघालीस. दीपा म्हणाली, "आई, परत तेच कशाला." मी तिला गप्प केलं.

तुझा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला आणि मागून हाक आली, "मामा!" त्यांच्यात आईला तसं म्हणतात.

वयनी, तुझा तो चेहरा. लेक इंजिनियर झाली तेव्हाही तू इतकी खूश नव्हतीस. त्या बाईची हाक बरोबर वेळेवर गेली होती, आणि ती हाक ओळखणारी बाई समोर आहे हे तिलाही कळलं होतं. निघताना तिने तुला मिठी मारली आणि वर एक मिरची घातली.

तो मासा शिजवायचं रामायण काय सांगू. लाकूड होतं ते. तू दीपाच्या हत्यारांच्या पेटीतला हातोडा काढलास आणि मागच्या पायरीवर बसून त्याला बडवायला लागलीस. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून डोकावले. दीपाने त्यांना काहीतरी समजावलं. ते आत गेले आणि बायकोला घेऊन परत आले, दोघं उभं राहून बघत होते. मग तो भिजत घातला, रोज पाणी बदललं, दीपाकडची कोकमं आणि आपला मसाला घालून कालवण केलं. आपण तिघी जेवायला बसलो. पहिला घास घेतला. चव म्हणून नव्हती. तू गंभीर तोंडाने सगळं ताट संपवलंस आणि म्हणालीस, "चांगला आहे. सवय करायला पाहिजे." दीपा टेबलाखाली मला पाय मारत होती.

आणि मग तो दिवस. आपण छोट्या फेरीबोटीने पलीकडच्या काठाला गेलो. झाडं, मग बांध, बांधावर मेंढ्या, आणि खाली नदीपर्यंत पसरलेली सपाट हिरवी कुरणं. गाई चरत होत्या, वाकलेली विलोची झाडं होती. दूर एक करकोचा एका पायावर उभा होता, दीपा त्याचा फोटो काढायला पुढे गेली. जाण्याआधी तिने सांगितलं होतं की ही खालची जमीन नदीसाठी ठेवलेली आहे. पाणी वाढलं की नदी इथे पसरते. पूर्वी तिला बांधून अगदी अरुंद केली होती, आता मुद्दाम बांध मागे घेतलेत, नवे ओढे खणलेत.

"मुद्दाम?" तू विचारलंस.

"मुद्दाम. माझं कामच ते आहे, आई."

मला वाटलं आता तू शिवडीची खाडी काढशील. कसा समुद्र मागे ढकलला, कशी गोदामं आली, आपल्या बोटी कशा आडोशाला गेल्या. ते तुझं नेहमीचं कीर्तन. पण तू एवढंच विचारलंस, "मग गाई कुठे जातात?" दीपा म्हणाली, त्यांना आधी वर हलवतात. तू मान हलवलीस आणि बाकड्यावर बसलीस. तो बांध काही मोठा चढ नव्हता, तरी तुला दम लागला होता. मी पाण्याची बाटली दिली. तू घोट घेतलास आणि पाण्यापलीकडच्या त्या गावाकडे बघत राहिलीस.

तेव्हा तुला तुझ्या दुखण्याचं कळलं होतं का, वयनी? दीपा म्हणते नाही, असतं तर आईने मला सांगितलं असतं. मला वाटतं कळलं होतं, आणि म्हणूनच तिला सांगितलं नाहीस. मी विचारलं असतं तर मला सांगितलं असतंस का, हे आता कुणाला विचारू? तू विषय काढलास तो मात्र ठरवूनच काढलास, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

"गो, या गावच्या लोकांनी कधी जाळं टाकलं नाही," तू म्हणालीस.

"नाही टाकलं. मग?"

"पकडायचे नॉर्वेवाले. यांच्यात एक कोळी नाही. समुद्र कधी बघितला नसेल बऱ्याच जणांनी. तरी मासळी यांची म्हणून लोक ओळखायचे."

"बरं मग?"

"मग माझ्यामागे माझ्या जागेवर सुनंदा बसली तर काय बिघडलं?"

मी उडालेच. सुनंदा म्हणजे आपली सुनंदा, नायगावच्या चाळीतली. बौद्ध घरातली, नवरा गेल्यावर आपल्याकडे कामाला आली ती इतकी वर्षं टिकली. पोती फोडायची, जवळा निवडायचा, गिऱ्हाइकांच्या घरी माल पोचवायचा. कष्टाळू आहे, नाही म्हणत नाही मी. पण हात सैल. काटा बरोबर आला तरी वर मूठभर टाकते. आणि कानाला सदा तो फोन, तोंड तुझ्याहून फाटकं. शिवाय आपल्यात जागा सासूकडून सुनेकडे जाते, नाहीतर आईकडून लेकीकडे. तुझी लेक त्या करकोच्यामागे होती. माझी सून बँकेत, तिला बोंबलाच्या वासानेच डोकं धरतं. मी तुला सांगितलं, "तुझ्यामागे वगैरे काही बोलू नकोस. आणि वेळ आलीच तर दोन्ही जागा मी बघीन. घराची जागा बाहेर जात नाही."

"बाहेर म्हणजे कुठे? नायगाव बाहेर आहे?"

"मी जातीचं बोलत नाहीये."

"मी कुठे जातीचं नाव काढलं?"

असं बोलतेस ना तू, की माणसाला पुढचं वाक्यच सुचू नये. पण मलाही तूच तयार केलंयस. मी म्हटलं, "मग या गावाचं पुढे काय झालं तेही बोल. दीपाने सांगितलं ते अर्धंच ऐकलंस? धंदा गेला यांच्या हातून. सगळा ॲम्स्टरडॅमला गेला. आता मासा मिळतो आफ्रिकन बाईकडे आणि यांच्याकडे काय उरलं, तर मसाल्याचा केक. जो धंदा आपला नव्हताच, तो राहणार किती दिवस?"

"नदी गाळाने भरली म्हणून गेला. त्यात सुनंदाचा काय दोष?"

"मी सुनंदाचं बोलतच नाहीये."

"मीच बोलतेय. दोन जागांवर एक बाई बसली की गिऱ्हाईक एकीकडेही धड येत नाही. तू एकटी बसून काय करशील? कुणाशी बोलशील?"

तेवढ्यात दीपा आली. "काय झालं दोघींना?" मी म्हटलं, "काही नाही. तुझ्या आईला म्हातारचळ लागलाय." फेरीबोटीत तू पिशवीतून तोच मसाल्याचा केक काढलास, मोडून मोठा तुकडा मला दिलास आणि म्हणालीस, "मुंबईला गेल्यावर बघू." मी खाल्ला. केक चांगला होता.

मुंबईला आल्यावर तू विषय काढलास की मी म्हणायचे, गणपती होऊ दे. मग नवरात्र होऊ दे. मग दिवाळी. तुला वाटलं मी हट्टाला पेटलेय. तुला आज खरं सांगते. तो वाद मिटला असता तर तू मोकळी झाली असतीस. मिटला नाही तोवर तुला रोज सकाळी येऊन माझ्या शेजारी बसणं भाग होतं. मला तुझ्या जागेवर सुनंदा नको होती, खरंय. पण माझी सून बसायला आली असती तरी मला ती नको होती. दीपा सगळं सोडून आली असती तरी नको होती. मला तिथे तू हवी होतीस, बस. एवढं साधं बोलायला आपल्याला कधी जमलं नाही. आपण भावाचं बोललो, मिठाचं बोललो, नवऱ्यांचं तर फारच बोललो.

तू गेलीस ती एका सकाळी, चहा अर्धा ठेवून, बाजाराची पिशवी भरलेली. दीपा आली, राहिली, परत गेली. दिवसकार्य झालं आणि मी बाजारात जाऊन बसले. शेजारी मोकळी फरशी. पहिल्या दिवसापासून तुझी गिऱ्हाईकं माझ्याकडे वळली. घरातलीच ना मी. माझा धंदा इतका कधी झाला नव्हता, आणि मला तो नकोसा झाला. कुणी भाव विचारला की मी बाजूला तोंड फिरवायचे, तुला विचारायला. बाजूला फरशी. पलीकडची लसूणवाली एकदा तिथे आपली टोपली सरकवायला बघत होती, तिच्यावर मी अशी धावून गेले की ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

बाजारातल्या आपल्या बायकांनाही सुनंदाबद्दल कुणकुण होती. एक म्हणाली, "घरातलीच कुणी बसव हो, बाहेरची नको." मी म्हटलं, "बाहेरची म्हणजे कुठली?" ती आपली टोपली सारखी करायला लागली. तेव्हा मला कळलं तुझा तो प्रश्न ऐकणाऱ्याला कसा लागतो, आणि विचारणाऱ्याला किती बरं वाटतं.

आणि सुनंदा. ती रोज यायची. माझी पोती फोडायची, तुझ्या जागेवर ताडपत्री अंथरायची, आणि खांबाला टेकून उभी राहायची. दिवसभर उभी. फोनवरसुद्धा बोलत नव्हती. परवा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "पाय दुखत नाहीत तुझे? बसत का नाहीस कुठे तरी?"

ती म्हणाली, "वयनींनी सांगून ठेवलंय मला. आपणहून बसू नकोस. दुसऱ्या कुणी बस म्हटलं तर अजिबात बसू नकोस. ती बस म्हणेल तेव्हाच बस."

"ती म्हणजे मी?"

"मग कोण."

"आणि मी म्हटलंच नाही तर?"

"मी पण तेच विचारलं, मावशी. तर हसल्या नुसत्या."

वयनी, मी तिथे भर बाजारात रडले. कोंबडीवाला धावत आला पाणी घेऊन. सुनंदाही रडत होती, आणि मला राग येत होता, तुझा, तुझ्या त्या हसण्याचा. सगळं माझ्यावर सोपवून, मी काय करीन याची खात्री बाळगून तू निघून गेलीस. इतकी खात्री माझी मला नव्हती.

"बस," मी म्हटलं.

ती बसली. आणि बसल्या बसल्या तिचा फोन वाजला. ती बोलत होती तेवढ्यात मी एक पोतं उचलून त्यातले बोंबील तिच्यापुढे ओतले.

थोड्या वेळाने लालबागच्या त्या मालवणी आजी आल्या, तुझ्या जुन्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडून चिमूटभर जवळा घेतला नाही. बोंबील घ्यायचे तर तुझ्याकडूनच. त्यांनी तुझ्या जागेवर सुनंदाला बघितलं, थबकल्या, आणि सरळ माझ्यासमोर येऊन पिशवी उघडली.

"बोंबील दी गो. तू तिची जाव मा? माका घरातल्याच माणसाकडसून होये."

"माझ्याकडे नाहीत, आजी," मी म्हटलं. "वयनीचे बोंबील हिच्याकडे आहेत. सुनंदा नाव तिचं."

आजींनी माझ्यापुढच्या ढिगाकडे बघितलं. सकाळीच लावलेला होता, कडक वाळलेला, माझ्या गुडघ्याएवढा उंच.

"मगे ह्ये काय?"

"हे विकायचे नाहीत."

त्यांनी पिशवी उचलली आणि सुनंदासमोर वाकल्या. इतकी वर्षं बाजारात बसले, वयनी, पण विकायचे नाहीत असं मी गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच सांगितलं.